इनबाईंना करटुली खाऊ घालायची होती

मी तिसरीपर्यंतच शाळेत गेलो. पण नेकनूरकडच्या आमच्या डोंगरातलं झाडन् झाड मला ओळखतं, असं चारचौघांत सांगायचो. अजूनही सांगतो.

गावात घरांवर नुकत्याच डिशच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या, त्या सालची गोष्ट. पंचमीला लेक माहेरी आली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिचे सासू-सासरेही सुटी काढून सोबत आले. औरंगाबादची माणसं, व्याही कारखान्यात कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला ठणकावून सांगितलं, "आज भाजी टाकायची न्हाई. निस्त्या भाकरी थाप. इनबाईंना मी रानातली भाजी खाऊ घालणार. करटुली!"

"आन् न्हाई घावली तर?"

"कावून न्हाई घावणार?"

लेकीचं सासर पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला बसणार आणि ताटात भाजी नाही, म्हणजे गावभर शोभा. पण बोललो ते बोललो. व्याही-विहीणबाई दोघांना घेऊन निघालो. विहीणबाई बांधाबांधानं मागं रेंगाळत होत्या, सारख्या वाकत होत्या. मला वाटलं, चपलेत चिखल भरतोय.

बोरीच्या जाळीवर वेल दिसला, पिवळ्या फुलांनी गच्च. "बघा!" म्हणत मी हात घातला. काट्यांनी ओरबाडून निघाला, पण फळ एक नाही. पुढच्या जाळीवरही तेच. करटुल्यात नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा, आणि नराला फळ धरत नाही. मला ठाऊक नव्हतं असं नाही. ऊन डोळ्यांवर होतं.

विहीणबाई मागून म्हणाल्या, "इवाई, तुमच्या डोंगरात सगळे नवरदेवच दिसतात. नवरी कुठं लपवली?"

व्याही हसता हसता दगडावर बसले. "चला इवाई, स्टँडवर भजी खाऊ. लई भूक लागली."

"तुमी जा. मी करटुली घेतल्याबिगर येत न्हाई."

तेव्हा विहीणबाईंनी खोचलेला पदर सोडला. आत कोवळा कुंजीर होता, पावसाळ्यात पिकात आपोआप उगवणारी पालेभाजी. "माहेरी मेंढरांमागं हिंडलेली हाय मी. भाजी तुमच्याच बांधावरची. मी निस्ती वाकले."

"हे गवत हाय! मी करटुली म्हणालतो."

"रानातली भाजी खाऊ घालतो, असं म्हणालता का न्हाई?"

मी जरा आठवून पाहिलं.

"म्हणालतो."

"मग झालं. चला घरी."

बायकोनं लसूण-मिरची घालून कुंजीर परतला. पहिली भाकर मी हट्टानं ठेच्यासंगं खाल्ली. व्याही मिटक्या मारायला लागले, तसं मीही ताट पुढं सरकवलं. भाजी वाढायला विहीणबाईच उठल्या.

"बसा," मी म्हणालो, "माझ्या घरात तुमी वाढायचं न्हाई."

पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि आधी त्यांच्याच ताटात पळीभर भाजी वाढली. खाऊ घालतो म्हणालतो, घातली.