भागीवैनीचं जोडवं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली, न ऐकताच गेली. देवाला सांगितलं म्हणावं तर तेही खोटं. देवळात गेलो की मी पावसापाण्याचं काहीतरी पुटपुटतो आणि घंटा वाजवून बाहेर येतो. आज तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका. आणि मध्येच "अहो, असं कसं?" म्हणून तोंड घालू नका. मी तापट माणूस आहे, उठून जाईन, मग हे पोटात राहील ते राहीलच.

जन्मभर मी मास्तरकी केली. पोरांना निबंध शिकवला. "बारकावा लिही रे गाढवा, बारकावा!" असं ओरडून किती पाठींत धपाटे घातले, हिशेब नाही. पोरांना वाटायचं, मास्तर उगाच डोकं खातो. पण बारकाव्यानं काय होतं ते मला ठाऊक होतं. माणूस मरतं त्यानं. एक बाई मेली. आणि नुसती मेली नाही — नाव घालवून मेली, अजून आमच्या वस्तीत कुणी पोर तोऱ्यात चालली की म्हाताऱ्या तिला भागीचं नाव घेऊन दटावतात.

थांबा. असं नाही. आधी कादंबरीचं सांगायला हवं.

सन अठ्ठावीसच्या आसपासची गोष्ट. आमची वस्ती कोळ्यांची, आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. वस्तीतून मुरूडच्या शाळेत इंग्रजी शिकायला गेलेलं पोर मी एकटंच. रोज चालत जायचो, चालत यायचो. तिथल्या मास्तरांनी एकदा माझा निबंध वाचला, वही माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "बुडवलेला पाव आहे हा. चव ना ढव." मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कादंबरी दिली. कव्हर फाटलेलं, पहिली पानं गळालेली.

त्या कादंबरीत एका धर्मशाळेत एक शिपाई सख्ख्या भावाचा गळा कापतो. तो क्रूर होता, नीच होता, असं काही लिहिलेलंच नव्हतं. लिहिलं होतं एवढंच — सुरी चालवताना त्याच्या मिशीला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. बस! त्या शितानं माझी झोप उडवली. ते शीत मला दिसत होतं हो. आणि शीत दिसलं म्हणून सुरीही खरी वाटली, रक्तही खरं वाटलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. मला त्या एका शितावरून सगळी विद्या कळली. खोटं कितीही मोठं असू दे, त्यात एक बारीकशी खरी गोष्ट ठेवली की लोक ते सगळंच गिळतात.

ही कादंबरी मी वाचून दाखवायचो भागीवैनीला. माझ्या चुलतभावाची, नामादादाची बायको. आमच्या दारासमोर त्यांचं दार. ती अंगणात वाळलेले बोंबील निवडत बसायची, मांडीवर तिची तान्ही सुली, आणि मी ओट्यावर बसून वाचायचो. थांबलो की ओरडायची, "वाच ना रं मेल्या, कापला का न्हाय त्याला?" मला आई नव्हती. शाळेतून आलो की भाकरी तीच वाढायची, हे सांगायचं राहिलं. की मी मुद्दामच मागे ठेवलं? असेल.

मग मी स्वतः लिहिलं. लढाईची गोष्ट, राजे, घोडे, मुडद्यांचे ढीग. मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवली. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. म्हणाली, "आरं, याच्यान समदी मरतान, पन लागत कुनालाच न्हाय!"

तिच्या मनात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं ते बायकांना सांगितलं, तेही गंमत म्हणूनच. मग काय, मी दिसलो की बायका विचारायच्या, "काय रं पांडू, आज किती मारलंस?" त्यांना मजा वाटायची, आणि मला आतून जाळ लागायचा. पंधरा-सोळाचं वय, मुरूडला शिकणारा, आणि या बोंबील निवडणाऱ्या बायका मला हसतात? मनात म्हटलं, थांबा. लागेल असं लिहून दाखवतो.

आता तिच्या जोडव्याचं.

भागीवैनी सुकी मासळी घेऊन होडीनं दिघीला जायची विकायला. ओहोटी असली की होडी धक्क्याला लागत नाही, गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. एकदा त्या चिखलानं तिच्या डाव्या पायातलं जोडवं ओढून घेतलं. बोटं घालून शोधलं, मिळालं नाही. आता आमच्याकडे घरधनी दर्यावर असताना बाईच्या पायातलं जोडवं गेलं म्हणजे — समजून घ्या. त्याच्या जिवाला धोका. सासूला कळतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून वैनीनं बोटाला चिंधी बांधली, ठेच लागली म्हणून सांगितलं, आणि मला एकट्याला खरं सांगितलं. का मला? मुरूडच्या सोनाराकडून तसंच जोडवं आणायचं होतं. "कुनाला बोलू नको हां, माजी शपथ हाय," असं म्हणाली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली.

शिमगा तोंडावर आला होता.

तुम्ही इकडचे नसाल तर सांगतो. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांची टोळी सोंगं घेऊन दारोदार जाते आणि घराघरावर कवन रचून बोंब मारते. कुणाच्या कंजूषपणावर, कुणाच्या टकलावर. घरच्यांनी हसायचं, नारळ द्यायचा. शिमग्याची बोंब राखेबरोबर गेली म्हणतात. त्या दिवशी बोंबेवरून कुणी हात उचलायचा नाही, ही रीत. पण रीतीला दुसरी बाजूही होती, ती कुणी बोलून दाखवत नसे — बोंब सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर मारायची. झाकलेल्यावर नाही. लहान पोरालाही हे कळत होतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या वर्षी टोळीतली पोरं माझ्याकडे आली. "पांडू, तू शिकलेला हायेस, तू जुळव." दुपारी उपड्या होडीच्या सावलीत बसून मी सगळ्या घरांची कवनं केली. नामादादाच्या घराचं सगळ्यात शेवटी केलं. त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. शब्द खोडले, पुन्हा घातले. ती छिनाल आहे असं कुठेच म्हटलं नाही — कादंबरीनं शिकवलं होतं ना! ऐका:

दिघीच्या मचव्यान जोडवं गावलं,
कोनच्या पायाचं, कुनी न्हाय दावलं;
डाव्या बोटाला चिंधी गो बांधली,
घोव गेला दर्याला, खलाशाशी नांदली!

कुठला खलाशी? कसला मचवा, कसली त्याची होडी? काही नव्हतं. सगळं माझ्या डोक्यातलं. खरी एवढी एक चिंधी. पोरांनी ते पाठ केलं, त्यांना वाटलं नेहमीची थट्टा आहे. चिंधीखाली काय नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

सकाळी ऊन चढत असताना टोळी दारात आली. नामादादा नुकताच दर्यावरून आलेला, ताडी घेतलेली, पण खुशीत होता. पोरं नाचायला लागली तसा टाळ्या द्यायला लागला. पहिल्या दोन ओळींना हसला. खरंच हसला, मला त्याचे दात दिसले. मग "डाव्या बोटाला" आलं आणि त्यानं खाली पाहिलं. वैनी दारातच उभी होती, हातात पोरांना द्यायचा नारळ. टाळी वाजवायला वर केलेले त्याचे हात तसेच राहिले.

"चिंधी सोड."

तिनं सोडली नाही. त्यानं वाकून ओढली. बोटाला जोडव्याचा पांढरा वळ होता, जोडवं नव्हतं. सासू ओरडायला लागली. वैनी सांगत होती, दिघीच्या चिखलात परलं, देवाशपथ चिखलात परलं — आणि मग तिला मी दिसलो. टोळीच्या मागे उभा होतो. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. सुटले असं वाटलं तिला.

"या पांडूला इचारा! याला ठावं हाय समदं. यालाच आनायला सांगितलं हाय."

सगळे वळले. नामादादा माझ्याकडे बघत होता. तो माझ्याकडे खुनशीपणानं बघत नव्हता, विनवल्यासारखं बघत होता. त्यालाही वाटत होतं की मी हो म्हणावं. हे मला तेव्हाच दिसलं.

मी म्हणालो, "मना काय ठावं न्हाय."

आणि आता जे सांगतो ते तुम्ही ऐकूनच घ्या, कारण इथवर आलो ते यासाठीच. नवं जोडवं माझ्या खिशात होतं. सोनाराकडून आणून आठवडा होऊन गेला होता. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा म्हणालो, सोनार अजून देत नाही. कारण दिलं असतं तर चिंधी सुटली असती, आणि चिंधी सुटली असती तर माझं कवन पडलं असतं. मला ती चिंधी बोटावर हवी होती. माझ्या शेवटच्या ओळीसाठी हवी होती.

खिशात हात होता माझा. जोडवं मुठीत होतं. काढून दाखवायचं होतं फक्त! काय झालं असतं? दोन मुस्काटात बसल्या असत्या, वस्तीनं वर्षभर शिव्या घातल्या असत्या. घाबरलो म्हणू? घाबरलो होतो. पण नुसता घाबरलो नव्हतो.

भिंतीला वल्हं टेकवलेलं होतं. पहिला फटका खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला, सुकं लाकूड मोडतं तसाच. नारळ हातातून सुटला आणि गडगडत माझ्या पायापर्यंत आला. ती पडली, उठली, सुलीकडे आत धावायला लागली. दुसरा फटका वल्ह्याच्या पात्याच्या धारेनं डोक्यावर बसला. कानाच्या वरची कातडी सुटून खाली लोंबली. तरी ती रांगत होती. उंबऱ्याला धरून रांगत होती. तो ओरडत होता, रडत होता, मारत होता — तिन्ही एकदम. माणसं धावली तोवर त्यानं आणखी किती घातले, कुणी मोजले नाहीत. चौघांनी धरला तेव्हा तो वल्हं सोडून स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटायला लागला. वैनीचा डावा पाय वाळूत हलत होता, टाच घासत होता, एकसारखा. खूप वेळ हलत होता.

मी हे सगळं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही हो — टिपलं. आवाज कसा आला, टाच कशी हलली, सासूचं ओरडणं कधी थांबलं. मनात एक कुणीतरी म्हणत होता, हे विसरू नकोस, हे विसरू नकोस. माझी भाकरी वाढणारी बाई तिथे मरत होती आणि मी शब्द शोधत होतो.

संध्याकाळच्या आत ती गेली. नामादादानं पोलिसापुढे काही लपवलं नाही. जन्मठेप झाली, तुरुंगातच मेला. ती तशीच होती असं मानत मेला. त्याला भेटायला मी गेलो होतो एकदा. जाळीपलीकडून त्यानं विचारलं, "सुली कशी हाय?" बरी आहे म्हणालो, आणि परत आलो. जोडवं मी खाडीत टाकलं होतं.

कवन कुणी रचलं हे वस्तीला ठाऊक होतंच. पण कुणी मला धरलं नाही. उलट म्हणाले, पोरानं बरोबर ओळखलं, शिकलेलं आहे. सुलीला वस्तीत कुणी सून करून घेईना. आईचं रक्त म्हणाले. शेवटी माणगावकडच्या एका बिजवराला दिली, बापाच्या वयाच्या. लग्नाला मी होतो. अक्षता टाकल्या. पाया पडली माझ्या, काका म्हणून.

भागीनं काही केलं नव्हतं. तिचा कुणाशी काही संबंध नव्हता. तिचं जोडवं दिघीच्या चिखलात पडलं होतं, एवढंच.

शिमग्यानंतर शाळा भरली. मास्तरांनी निबंध दिला, पाहिलेला प्रसंग लिहा. मी लिहिला. नावं बदलली, कवनाचं गाळलं, बाकी सगळं घातलं — मोडलेलं हाड, घरंगळलेला नारळ, वाळूत घासणारी टाच. मास्तरांनी तो वर्गापुढे उभं राहून वाचला. पुढच्या बाकावरचा एक पोरगा रडला. वाचून झाल्यावर मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता लागतं, बरं का. आता तुला लिहिता आलं."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तेवढा आनंद मला पुढे लग्नात झाला नाही, मुलगा झाला तेव्हा झाला नाही. त्या दिवशी मुरूडहून घरापर्यंत मी शीळ घालत आलो.