बिनआवाजाचा पंप

मोहाडीच्या बाजाराला जाताना इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री आमच्या शेताच्या धुऱ्यावर सायकल थांबवतात. पूर्वी बाबांच्या डिझेल इंजिनाचा आवाज तलावाच्या पाळीपर्यंत जायचा. मिस्त्री डोळे मिटून, मान तिरपी करून तो ऐकायचे आणि म्हणायचे, "याले सर्दी झाली." मग चप्पल काढून कामाला लागायचे.

आता माझ्या धानाला सोलर पंपाचं पाणी आहे. मिस्त्री पाइपावर तळवा ठेवतात आणि कुरकुरतात, "हा तर बोलतच नाही. याचं दुखते कुठं, समजावं कसं?"

यंदा उन्हाळी धानाच्या लोंब्या निसवत असताना पंपाची धार बारीक झाली. मिस्त्रींनी चप्पल काढली, खांद्यावरचा दुपट्टा भिजवला आणि सोलरच्या प्लेटांवर बसलेली रस्त्याची धूळ पुसून काढली. धार जाड झाली. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बाबू, बाबाचं इंजिन हाये ना अजून?"

"हाये ना, कोठ्यात ठेवलं हाये," मी म्हणालो. खरं तर बाबा गेल्यावर मी ते भंगारात दिलं होतं.

"बरं," म्हणत ते दुपट्टा पिळत राहिले.

आठवड्यानं मी त्यांच्या दुकानात गेलो. भिंतीवर इंजिन फिरवायचं एक हँडल टांगलेलं होतं. त्याच्या मुठीला आईच्या हिरव्या लुगड्याची पट्टी होती, बाबांनी गुंडाळलेली, तेलानं काळी पडलेली.

मी काय बघतोय ते मिस्त्रींनी पाहिलं.

"बस बाबू," ते म्हणाले, "चहा सांगून राहिलो."