तुझो प्रश्नच चुकलो

आमच्या मामाला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नसे, आधी प्रश्न दुरुस्त करायचा. "मामा, जेवलास का?" म्हटलं तर "भात खाल्लंय. भाजी नाय खाल्लंय. जेवलंय असा कसा म्हणू?" फोनवर "घरी आहेस ना?" विचारलं तर "घरी नाय, जिन्यात आसंय." आपण वैतागून गप्प झालो की समाधानाने म्हणायचा, "तुझो प्रश्नच चुकलो गो." अशी माणसं तुमच्याही घरात असतील. असली तर त्यांना परदेशी पाठवायचे कागद तुमच्या गळ्यात पडू नयेत, एवढीच माझी सदिच्छा.

माझ्या गळ्यात ते पडले. मामा वीज कंपनीत मीटर वाचायचा, जन्मभर इमारतींचे जिने चढला. मामी गेल्यावर दिंडोशीच्या वसाहतीत एकटाच राहत होता. एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडला आणि शेजारीण दार ठोठावेपर्यंत तिथेच पडून राहिला. त्यानंतर त्याच्या एकुलत्या एक मुलीने, शुभाने, ठरवून टाकलं की बाबांना अमेरिकेला आणायचं. ती तिथली नागरिक झाली होती, त्यामुळे वडिलांना कायमचं बोलावून घेता येत होतं. अर्ज तिने तिकडून केला. इकडची धावपळ करायला बोरिवलीत मी होतेच. "नंदाताई, तू जवळ आहेस ना," ती म्हणाली. शुभाला मामाबरोबर राहायची सवय होती, पण मामाला घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरायची नव्हती.

फोटोपासूनच सुरुवात झाली. चष्मा काढायचा असा नियम होता. मामा म्हणाला, "चष्मो काढलंय तर तो मी कसो?" फोटोवाल्याने हात जोडले. पोलीस दाखल्याच्या वेळी शिपायाने साधं विचारलं, "इथे किती वर्षं राहता?" मामा म्हणाला, "इथे म्हणजे खोलीत की वसाहतीत? वसाहतीत आधी आलो, ही खोली नंतर घेतली." शिपायाने लिहिलेलं खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "टीबी झाला होता का कधी?" नाही म्हणून मोकळं व्हावं की नाही? मामाने विचारलं, "मला की घरात?" आणि लहानपणी वारलेल्या थोरल्या भावाची सगळी हकिगत सांगितली. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

व्हिसाच्या मुलाखतीआधी आठवडाभर मी त्याच्याकडून घोकून घेतलं. "मामा, आत विचारतील तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही. दुरुस्त्या करायच्या नाहीत." तो मान डोलवायचा. "आणि विचारलंच तर सांग, मुलीकडे राहायचंय म्हणून जातोय." तर म्हणतो, "मी थंय रवाचा असा तिका वाटता. माका नाय. मी नुसतो जातंय." मी चहा न पिता घरी आले.

मुलाखतीच्या दिवशी मला आत सोडलं नाही. वांद्र्याला अमेरिकन वकिलातीभोवतीच्या काचेच्या इमारतींमध्ये बसायला धड जागा नाही. मी फुटपाथवर उन्हात उभी. माझ्यानंतर आलेल्या लोकांची माणसं हसत बाहेर आली, पेढे काय वाटले, मिठ्या काय मारल्या. मामाचा पत्ता नाही. शेवटी आला तो हातात एक रंगीत चिठ्ठी घेऊन, आणि सांगायला लागला की आतला पंखा कसा आवाज करत होता.

"मामा, व्हिसाचं काय झालं?"

"काचेमागची बाई म्हणाली, अजून कागद हवेत."

"कुठले कागद? सगळे दिले होते ना आपण!"

"माझ्या लग्नाचा दाखला. आणि वसंताच्या मृत्यूचा."

"कोण वसंत?"

मामा रस्त्याकडे बघत होता. "शुभाचो बापूस," तो म्हणाला.

मग रिक्षात बसून त्याने सांगितलं. दुभाषी बाईने विचारलं होतं, "शुभा तुमची स्वतःची मुलगी का?" मामा म्हणाला, "स्वतःची आहे. माझ्यापासून झालेली नाही." मामीचं पहिलं लग्न गावाकडे झालं होतं. नवरा काविळीने गेला तेव्हा शुभा रांगतही नव्हती. मामी तिला घेऊन चेंबूरला भावाकडे आली, तिथे मामाशी तिचं दुसरं लग्न लागलं. शाळेत घालताना शुभाचा जन्मदाखला मामाच्याच नावाने निघाला आणि विषय संपला. माझ्या आईला, म्हणजे मामाच्या बहिणीला, हे माहीत असणार. पण ती कधी बोलली नाही आणि आता विचारायला ती राहिली नव्हती.

माझा संताप अनावर झाला. "इतकी वर्षं स्वतःच्या पोरीला सांगितलं नाहीस, आणि काचेमागच्या परक्या बाईला सांगून आलास?"

"हात वर करून शपथ घेतली होती मी. आणि तिणे विचारल्यान. शुभाने कधी विचारूकच नाय."

"ती कशाला विचारेल रे? कुठली मुलगी बापाला विचारते, तू माझा बाप आहेस का म्हणून?"

यावर त्याने काहीही दुरुस्त केलं नाही.

शुभाला त्याने स्वतःच सांगितलं, दुसऱ्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर. मी शेजारी बसले होते. एवढा पाल्हाळिक माणूस, पण हे दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला. पडद्यावरून शुभाचा चेहरा गेला, नुसतं छत दिसायला लागलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. मला मात्र रोज फोन करून ओरडायची, "तुला माहीत होतं ना? खरं सांग!" इकडे मामा रोज विचारायचा, "फोन इलो?" माझा असा मधल्यामध्ये चुरा झाला होता.

आणि एक दिवस शुभाच अमेरिकेहून येऊन मामाच्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, "मृत्यूचा दाखला हवाय ना? मी आणते. मला ते घर बघायचंय." मामा म्हणाला, "मी येतंय." ती नको म्हणाली नाही, म्हणून आम्ही तिघं वसंतरावांच्या गावी निघालो.

वसंतरावांचे धाकटे भाऊ अजून त्याच घरात राहत होते. पडवीत बसले होते. मामाने ओळख सांगितली तसे ते शुभाकडे बघत राहिले, मग एकदम ताठ झाले. "इतक्या वर्षांनी कशाक इलास? जमिनीत वाटो होयो?" शुभाचा चेहरा उतरला. मामा म्हणाला, "जमीन नको. दाखलो होयो, भावाच्या मरणाचो." त्यांना पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा स्वतः उठून आमच्याबरोबर ग्रामपंचायतीत आले.

परत घरी आल्यावर त्यांच्या सुनेने सरबत दिलं. म्हातारे मामाला म्हणाले, "एक विचारू? तिका तिच्या बापाशीचा नाव कधी सांगूक कसा नाय? आमचो भाऊस वाईट नाय होतो."

मला वाटलं, आता हा सुरू होणार. बापाशीचा म्हणजे कोणाचा, सांगूक नाय म्हणजे कधी. मी मामाकडे पाहिलं. त्याने पेला खाली ठेवला.

"भियालंय," तो म्हणाला. "नाव सांगितला तर ती माझी रवाची नाय, असा वाटला. चुकला माझा."

शुभा उठून अंगणात गेली. बराच वेळ माडाला टेकून उभी होती. निघताना म्हाताऱ्यांनी आतून एक फोटो आणून तिच्या हातात ठेवला. रुंद कपाळाचा एक तरुण, दात थोडे पुढे. शुभासारखेच.

परतीच्या गाडीत मामा मागे माझ्याशेजारी बसला. घाट लागल्यावर शुभाने पुढच्या सीटवरून न वळता विचारलं, "बाबा, गोळी घेतलीस?"

"खयची? बीपीची की साखरेची?"

ती हसली नाही. पण पर्समधून दोन्ही गोळ्या काढून मागे हात केला.

दाखला दिला, लग्नाचा कागद दिला, तरीही महिन्यांमागून महिने गेले. व्हिसा आला त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "सुटलास." तो म्हणाला, "तू सुटलंस." हे मात्र खरं होतं. विमानतळावर तो आत गेला आणि मी तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, मोठ्याने रडले. कोणी विचारलं असतं का रडतेस, तर मलाही धड सांगता आलं नसतं.

तिथे त्याला तीन हिवाळे मिळाले. नातवंडांना मालवणी शिकवली, जावयाला जेरीस आणलं. शुभा सांगते, सामान उघडल्यावर त्याने सगळ्यात आधी, ती त्याच्याकडे ठेवून गेली होती तो, वसंतरावांचा फोटो बाहेर काढला आणि हातोडी मागितली. जावई म्हणाला, ह्या भिंतींना असे खिळे ठोकत नाहीत. मामाने ऐकलं नाही. दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा फोटो लावला. शुभा म्हणाली, "बाबा, मधोमध लाव ना. असा एका बाजूला का?" तर म्हणाला, "राहू दे."

यंदाच्या थंडीत शुभाने त्या फोटोशेजारच्या मोकळ्या जागेत मामाचा फोटो लावला.