रूळ उचललेली खिंडवाडी

नगरच्या स्टँडवर आम्ही पोहोचलो तेव्हा तिसगावची मोटार अजून पेटत होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती आणि क्लीनर भात्याचा पंखा फिरवून घामाघूम झाला होता. माझी बायको कुसुम बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती घडोघडी त्याच्या कपाळाला हात लावी, आणि तिने लावला की मीही लावी. आईने मात्र एकदाही लावला नाही. ती मांडीवरचे गाठोडे धरून समोर बघत होती.

दोन वर्षांचे पोर झाले तरी बाळाचे जावळ उतरवले नव्हते, आणि त्या गुंत्याखाली मानेवर लिंबाएवढे गळू झाले होते. डॉक्टर म्हणाले, केस काढून आणा म्हणजे चीर देतो. उशीर कराल तर जिवावर बेतेल. आई म्हणाली, जावळ उतरेल ते खिंडवाडीच्या सटवाईपुढेच. माझा जन्म खिंडवाडीचा, आणि नातवंडांचे जावळ तिथेच उतरवीन असे आई तिथून निघताना सटवाईला बोलली होती. आमची थोरली लेक, गोदी, जावळ उतरायच्या आधीच तापाने गेली. त्यामुळे आईशी वाद घालायची माझी छाती नव्हती, आणि कुसुमच्या डोळ्याला डोळा द्यायचीही नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ठरले की आज खिंडवाडी आणि उद्या पहाटे डॉक्टर.

करंजीच्या घाटात मोटारीचा दम संपला. आम्ही पुरुष उतरून ढकलू लागलो. वर खिडकीतून कुसुमने, ‘अंग फार तापलंय हो,’ एवढेच सांगितले. मी आणखी जोर लावला, जणू माझ्या एकट्याच्या जोरावरच मोटार चढणार होती.

तिसगावात धोंडिबा न्हाव्याला निरोप होता. तो एका ओळखीच्याची बैलगाडी मागून, धोपटी (हत्यारांची पिशवी) घेऊन तयार होता. मुलाचा मामा कुठे आहे, असे त्याने विचारले. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसते. मामा लढाईवर गेल्याचे मी सांगितले. ‘रूळ बी तिकडंच गेलं म्हनत्यात,’ धोंडिबा म्हणाला आणि त्याने बैलांना हाकारले.

हे खरेच होते. गर्भगिरीच्या डोंगरात ही लहान लाइन टाकली ती खाणीच्या दगडासाठी. मग दगडाबरोबर धान्य आले, धान्याबरोबर व्यापारी, आणि खिंडीत बघता बघता गाव वसले. क्वार्टर्स, शाळा, दोन हॉटेले, इंजिनाला पाणी पाजणारी टाकी. माझे वडील तिथे स्टेशन मास्तर होते आणि गाडीच्या शिट्टीवर आमच्याकडे चूल पेटे. पुढे घाटातून मोटारी धावू लागल्या, खाण बसली, गाडी बंद झाली. माणसे ज्याला जसे जमेल तशी पांगली. आम्ही निघालो तेव्हा मी मराठी चौथीत होतो. लढाई लागल्यावर उरलेले रूळही उचलून बोटीने परमुलखात धाडले.

वळणावर आधी सिग्नलचा खांब दिसला. त्याचा हात कुणीतरी काढून नेला होता. पुढे नुसता भराव होता आणि त्याच्यावर तरवड फुलला होता. क्वार्टर्सना दारे नव्हती, चौकटी नव्हत्या. आमचे घर मला ओळखू आले नाही. पण बघत बसायला वेळ कुठे होता? बाळ आता रडतही नव्हते, आणि तेच मला जास्त भिववत होते.

टाकीजवळच्या लिंबाखाली सटवाईचा ओटा होता. त्यावर सात तांदळे (शेंदूर माखलेले, बिनचेहऱ्याचे दगड) असत, मधली मोठी सटवाई आणि बाकीच्या तिच्या बहिणी. ओटा रिकामा होता. शेंदराचे डाग तेवढे उरले होते.

आई मटकन खाली बसली. धोंडिबाने वस्तरा काढला आणि पुन्हा मिटला. घरातल्या थोरल्या माणसाच्या शब्दाशिवाय तो जावळाला हात लावायला तयार नव्हता.

‘अहो, देवी नसली तरी डोकं आहे ना?’ कुसुम मला म्हणाली. ‘काढायला सांगा केस.’

मी आईकडे पाहिले, कुसुमकडे पाहिले, आणि तसाच उभा राहिलो. त्या क्षणी माझ्याइतका निरुपयोगी माणूस पंचक्रोशीत नसेल.

तेवढ्यात शेळ्यांच्या मागून एक म्हातारी आली. ती भामाक्का, आमच्या वेळच्या गँगमनची (रुळांची देखभाल करणाऱ्याची) बायको. नवरा इथेच मातीआड झाला म्हणून ती कुठे गेली नव्हती. तिने आईला ओळखले आणि शेजारी बसकण मारली. सटवाई कुठे गेली, असे आईने विचारले.

‘समद्यांनी एकेक नेली, मास्तरीणबाई. जो तो म्हनायचा, एक नेल्यानं काय हुतंय, बाकीच्या हायेत की हितं. मोठी तेवढी राहिली हुती, ती रूळ उचलनाऱ्यांनी नेली.’

 आईने गाठोडे सोडले. खणात गुंडाळलेला एक शेंदरी दगड बाहेर निघाला. आमच्या देव्हाऱ्यात तो कायम असे आणि मी त्याला जन्मभर गणपती समजून नमस्कार करत आलो होतो.

‘मीही तेच म्हणाले होते,’ आई म्हणाली. ‘आज हिची बहिणींशी भेट घालावी म्हणून आणली.’

तिने दगड ओट्याच्या मधोमध ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि धोंडिबाला मान हलवून खूण केली. मामाच्या जागी मी बसलो. वस्तरा गळवाजवळ आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, पण धोंडिबाचा हात हलका होता. भामाक्काने बाजरीची भाकरी आणि शेळीचे दूध पुढे केले. बाळाने दोन घोट घेतले, आम्हाला घास उतरेना.

निघताना मी दगड उचलू लागलो, तर आईने हात धरला. भामाक्काजवळ एक तरी असू दे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गळू चिरले. वाटीभर पू निघाला. संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि बाळ तुळतुळीत डोक्याने गाढ झोपले. आम्ही तिघेही त्याच्याभोवती बसून होतो. आता आईने पहिल्यांदा त्याच्या कपाळावर हात ठेवला.

‘गोदीच्या वेळीही ती देवी घरातच होती,’ ती म्हणाली. ‘आणि मी खिंडवाडीला जायला कधी जमतंय त्याची वाट बघत बसले.’

काल सकाळपासून कुसुम आईशी एक शब्द बोलली नव्हती.  आता तिने झोपलेल्या बाळाला अलगद उचलले आणि आईच्या मांडीवर ठेवले.