वीतभर अक्रा

नैरोबीहून घानातल्या अक्राला जाणाऱ्या विमानात शेजारच्या आजीबाई समोरच्या पडद्यावरचा नकाशा बोटांनी मोजत होत्या. पडद्यावर आकडे होतेच, चार हजारांवर किलोमीटर आणि जवळजवळ सहा तास. पण त्यांचा भरवसा स्वतःच्या हातावर. निघालो तेव्हा अक्रा एक वीत लांब होतं. जेवणं आटोपली तेव्हा चार बोटं उरलं, आणि आजीबाई खुशीत आल्या.

तेवढ्यात पडद्यावरचा नकाशा आपोआप मोठा झाला. त्यांनी पुन्हा हात लावला. परत वीतभर!

"आपण मागे चाललोय का?" त्यांनी घाबरून इंग्रजीत विचारलं.

"नाही हो. जवळ आलोय, म्हणून मोठं दिसतंय."

त्यांना ते पटलं नाही. बोलून झाल्यावर मलाही पटेना. जवळ आल्यावर अंतर कमी व्हायला हवं ना? मग कुठल्याही प्रवासात शेवटचा तासच एवढा का लांबतो? कोण जाणे, नकाशाचंच खरं असेल.

"नातवाला जन्मला तेव्हा पाहिलं, त्यानंतर आता अक्रातच पाहणार," त्या म्हणाल्या आणि दोन्ही तळहात समोरासमोर धरून दाखवलं, "एवढा होता."

मग जरा विचार करून, "आता एवढा," म्हणत त्यांनी हात आणखी वीतभर लांब नेले.