टाकीमागच्या बागेतली ढोली

वाशीमला आमच्या कॉलनीमागे पाण्याची टाकी आहे आणि टाकीमागे एक बाग. पाळणे मोडलेले, बाकं जेमतेम दोन. निम्म्या गावाला ती ठाऊकच नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तिथे बकऱ्या सोडतात. माझी शेजारीण धम्मदीपा मात्र रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून तिथे जाते. पोरं तिला ‘पाखरवाली’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. दिवसभर कचेरी आणि उरलेला वेळ आई, यात तिचा स्वतःचा म्हणून तेवढा एकच तास आहे.

तो तासही तिला दाराला बाहेरून कडी घालून मिळवावा लागतो. आत तिची आई, दुर्गाबाई. म्हातारीला विसर पडायला लागलाय. मागच्या वर्षी अनवाणी निघाली आणि एसटी स्टँडवर जाऊन मेडशीची गाडी विचारत बसली. मेडशीचं घर विकून जमाना झाला! भाऊ सतीश पुण्याला. ‘आईकडे नीट लक्ष दे’ एवढं फोनवर सांगतो आणि मोकळा होतो. माझ्यापुढे आला तर त्याची बिनपाण्याने हजामत करीन.

मे महिन्यात एका सकाळी धम्मदीपा मलाही बागेत घेऊन गेली. कडुनिंबाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी उबवत होती. तिने ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत बंद करून घेतलेलं. चोच बाहेर निघेल एवढीच फट. नर रोज फळं आणून तिला भरवतो.

“काल बी आला नाही तो, काकू. आज बी पत्ता नाही.”

“मंग निंघून जाय म्हणा तिले.”

“पंखाचे पिसं गाळून टाकते ती आत. उडताच येत नाही तिले.”

चोच फटीतून बाहेर यायची, थांबायची, आत जायची. ऊन चढलं. तास संपला तरी धम्मदीपा उठेना. माझं डोकं फिरलं.

“घरी माय कोंडून ठेवली अन् इथं पाखराची चिंता करून राह्यली काय व?”

तिने दुर्बीण खाली घेतली. चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी वापस येतो का नाही, हे आईले कसं समजत असन, काकू?”

आम्ही धावतपळत घरी आलो. त्यांच्या दाराच्या दोन फळ्यांमध्ये कडी घातली तरी थोडी फट राहते. तिच्यातून म्हातारीची बोटं बाहेर आली होती. धम्मदीपाने आधी ती बोटं धरली, मग कडी काढली.

“मेडशीची गाडी गेली काय व?” दुर्गाबाईंनी विचारलं.

हा रोजचाच प्रश्न, आणि उत्तरही ठरलेलं: आत्ताच गेली, उद्या जाऊ. मग म्हातारी मुकाट्याने खाटेवर जाऊन बसते. भिंतीपलीकडून मी हे कितीदा तरी ऐकलंय.

त्या दिवशी धम्मदीपा म्हणाली, “नाही गेली अजून. चप्पल घाल.”

कचेरीला उशीर होणार होता, साहेब बोलणार होता. तिने फोनच बंद केला. दोघींनी धरून म्हातारीला बागेत आणलं. ती बाकावर बसली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि रस्त्याकडे पाहू लागली. शेजारी धम्मदीपा, झाडाकडे पाहत. नराचा अजून पत्ता नव्हता. मला तिथे बसवेना आणि उठून जाववेनाही.

“येते ना व गाडी?”

“येते, आई,” धम्मदीपा म्हणाली. तिची नजर ढोलीवरून हलली नाही. “बस तू.”