शत्रूंच्या पेटीतला हिरवा किडा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटलं साधं काम म्हणजे एका अळीला जेवू घालणं. माव्याची बारकी कीड पडलेली करडईची डहाळी मी धरली. बायकोनं बाजेवर पडल्या पडल्या झाडूच्या काडीनं मावा वाटीत झटकला. वाटीतली भुरकी अळी, तोंडाशी दोन वाकडे सुळे, एकेक मावा धरून चोखत होती.

"हिचं झालं," ती म्हणाली. "आता तुमी जेवा."

दिवस मावळायच्या आत ती गेली. ताप होता. पण माझा राग तापावर नव्हता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारचा एक किडेवाला बाबू चिखलीच्या बाजारात तंबू ठोकून बसला होता. समोर काचेच्या दोन पेट्या, शत्रू किडे आणि मित्र किडे. ती जायच्या पाच दिवसांआधी आम्ही दोघं बाजाराला गेलो तर शत्रूंच्या पेटीत जाळीदार पंखांचा हिरवा किडा टोचलेला. चिठ्ठी मी अक्षर लावून वाचली. 'पतंग.'

"साहेब, पतंग नाही हा," ती म्हणाली. "पतंगाचं पीठ बोटाले लागते, याचं नाही लागत. याची अळी पीक खात नाही, मावा खाते. म्या वाटीत पोसली. कोश केला, त्यातून हाच निंघाला."

"बाई, तुम्ही भाकरीचं पीठ पाहा. किड्यांच्या जाती आमच्याकडे राहू द्या."

लोक हसले. मीही दात काढले. वाटेतल्या करडईवरून तिनं दुसरी अळी उचलली, आणि घरी आली तशी तापानं पडली. ती अळी तिनं पडूनच पोसली.

तिला जाळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अळीची वाटी आणि डहाळी घेऊन चिखलीला गेलो. सुतक्याला कोणी शिवत नाही, हे धरूनच गेलो. बाबूचं मनगट पकडलं.

"सोड बे! अरे, सोडवा याला कोणी."

"काल बायको जाळली म्या. या, कोण शिवते?"

लोक मागं सरकले. एक म्हातारा म्हणाला, "बाबू, तुमाले बी आता आंघोळ लागली."

वाटी पेटीवर ठेवून मी दुसऱ्या हातानं डहाळीचा मावा तिच्यात झटकला. अळीनं एक चोखला, दुसरा चोखला. बाबू मान फिरवी, मी मनगट पिळी. सातव्या-आठव्या माव्यापासून तो वाटीत पाहत राहिला.

"चिठ्ठीवरचं पतंग खोड," मी म्हटलं. "आन् टाचणी काढ, तुह्या हातानं."

त्यानं टाचणी घाईनं उपटली. किड्याचा एक पंख तुटला.

"तसाच लाव," मी म्हटलं, आणि मित्रांच्या पेटीत तो टोचून होईस्तोवर मनगट सोडलं नाही.